एकशे सत्तेचाळीस निरंक

पत्र सोमवारी आलं. कारकुनाने ते जेवणघराच्या दाराशेजारच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावलं आणि खाली तारखेचा शिक्का मारला. लागेल तिथे आणि लागत नाही तिथेही तो शिक्का मारत असे, म्हणून सगळी तुकडी त्याला शिक्काच म्हणे.

मजकूर चार ओळींचा होता. जंगलरस्त्यावरची पहाटेची गस्त एक तारखेपासून बंद. कारण, पाच महिन्यांतले एकशे सत्तेचाळीस अहवाल निरंक. गस्तीच्या दोन्ही गाड्या आणि अकरा माणसं धान्याच्या ताफ्यांना जोडावीत. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत सकारण कळवावे.

त्या अकरा माणसांतली मी एक. मी पत्र दोनदा वाचलं. रेडिओने, म्हणजे आमच्या ड्रायव्हरने, मोठ्याने वाचलं, कारण त्याला मनात वाचता येत नाही. झोपेतही बोलतो तो, असं त्याच्याबरोबर पत्र्याच्या डब्यात राहणारे सांगतात.

"निरंक म्हणून बंद," तो म्हणाला. "म्हणजे आपण नीट काम केलं त्याची ही शिक्षा."

निरंक हा शब्द आम्हाला शिक्क्यानेच शिकवला होता. गस्तीवरून आलं की एक छापील कागद भरायचा. वर तारीख, गाड्यांचे नंबर, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ. खाली मोठा चौकोन, त्यावर लिहिलेलं, ‘घटना’. काही घडलं नसेल तर चौकोनात निरंक लिहून सही करायची. पहिल्या आठवड्यात मी तिथे लिहिलं होतं की आज रस्त्याला बायका कालपेक्षा जास्त होत्या. शिक्का कागद घेऊन माझ्या डब्याच्या दाराशी आला होता.

"ताई, बायका ही घटना आहे का?"

"नाही."

"मग चौकोनात कशाला? एक शब्द जास्तीचा पडला की मला तो तीन ठिकाणी चढवावा लागतो. शिवाय वरून फोन येतो, तो वेगळाच."

मी कागद फाडून नवा भरला. त्यानंतर आमच्या गस्तीचे कागद कसे धुतल्यासारखे जाऊ लागले. महिनाअखेर तो गठ्ठा मेजरसाहेबांपुढे ठेवून शिक्का म्हणायचा, "एकही डाग नाही, साहेब." आम्हालाही बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मला तर जरा अभिमानच वाटायचा.

शांतिसेनेच्या या मोहिमेला आमच्या देशाने आठशे बारा माणसं दिली होती. मुख्यालयाच्या भिंतीवर सगळ्या देशांची यादी टांगलेली आहे. कोणी किती सैनिक दिले, किती गाड्या, किती खाटांचं इस्पितळ. आमचा देश वरून सहावा. सासूबाईंनी हे टीव्हीवर ऐकलं आणि फोनवर मला आनंदाने सांगितलं, जणू मी दुसऱ्याच कुठल्या देशाकडून आले होते.

आमच्या तळाला लागून घरदार सोडून आलेल्या लोकांची छावणी होती. आठ हजार माणसं, पत्र्याची आणि कापडाची घरं. पाणी टँकरने येई, धान्य ताफ्याने येई, सरपण मात्र कोणी देत नव्हतं. ते आणायला बायकांना सहा किलोमीटरवरच्या जंगलात जावं लागे. पुरुष का जात नाहीत, असं मी आल्या आल्या दुभाषीला विचारलं होतं. दुभाषी त्याच छावणीत राहणारी, पूर्वीची शाळामास्तरीण.

"पुरुष गेले तर परत येत नाहीत," ती म्हणाली. "बायका परत तरी येतात."

कशा येतात ते तिने मला एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

गस्त त्यासाठी होती. आमच्या दोन पांढऱ्या गाड्या पहाटे निघायच्या. एक थेट जंगलाच्या कडेला जाऊन उभी राही आणि तिच्यातली माणसं झाडीच्या तोंडाशी पसरत. दुसरी, म्हणजे आमची, अर्ध्या वाटेवरच्या मोरीपाशी थांबे. मोरीचा एक कठडा पडलेला, त्यामुळे तिथे वाट अरुंद होते आणि एकामागून एकच जाता येतं. तिथे मी, आमची धाकटी, म्हणजे तुकडीतली सगळ्यात नवी मुलगी, दुभाषी आणि रेडिओ. बायका जाताना आम्ही उभ्या असायचो. त्या मोळ्या बांधून नऊच्या सुमारास परतायच्या, तेव्हाही आम्ही उभ्याच. डोक्यावर निळं शिरस्त्राण, अंगावर दहा किलोचं जाकीट. एवढंच काम. करायचं काही नाही, फक्त दिसायचं.

आता माझ्या नेमाचं सांगायला हवं. खरं तर सांगू नये, पण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

घरी मी सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणीही घेत नाही. इथे आमचे राहण्याचे डबे पातळ पत्र्याचे, आत फोम भरलेला, आणि दारावरच पाटी, ज्योत पेटवण्यास सक्त मनाई. पहिले दोन दिवस मला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन केला.

"मग मौन पाळ," त्या म्हणाल्या. "त्याला काडी लागत नाही."

"पण आई, ड्यूटीवर बोलावं लागतं."

"कामाचं बोलणं मौनात धरत नाहीत गं. जिभेची खाज तेवढी धरतात."

म्हणून उठल्यापासून शेवटची बाई मोरी ओलांडून परत येईपर्यंत मी कामाशिवाय बोलत नाही. आणि नुसतं गप्प बसलं की मन भटकतं, म्हणून हातात माळ. मोरीवरून एक बाई गेली की एक नाम, एक मणी पुढे. सगळ्या गेल्या की त्या मण्यापाशी दोऱ्याची गाठ मारून ठेवायची. परत येताना एक बाई, एक नाम, एक मणी मागे. शेवटची आली की बोट मेरुमण्याला टेकतं. टेकलं नाही तर कोणीतरी मागे आहे. किती नामं झाली ते सासूबाई एका वहीत लिहून ठेवतात, त्यांचं बघून मलाही ती सवय. खिशात मावेल एवढी वही. रोज एक तारीख, एक आकडा.

पहिल्या दिवशी चौदा. पहिल्या महिन्याच्या शेवटी एकेचाळीस. ज्या दिवशी एकशे आठ झाल्या त्या दिवशी माळ पहिल्यांदा पुरी फिरली आणि मला वाटलं, आज काहीतरी गोड असायला हवं होतं. जेवणघरात नेहमीचंच होतं.

दुसऱ्या महिन्यात एका आजीने मला मोरीवर हटकलं. ती डोक्याला लाल फडकं बांधायची आणि सगळ्यांच्या पुढे चालायची. दुभाषीला म्हणाली, "या बाईला विचार, आम्ही पुढून गेलो की ही काय पुटपुटते. आम्हाला मोजून कुणाला विकणार आहे का?"

विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मी म्हटलं, "सांग त्यांना, की देवाचं नाव घेते. एकीला एक."

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "माझ्या सुनेचं विसरू नको. ती नेहमी मागे राहते. तिचा पाय अधू आहे, आणि जीभही जरा सैल आहे, वाटेत सगळ्यांशी बोलत बसते."

"म्हणजे माझ्यासारखी," रेडिओ म्हणाला. दुभाषीने तेही सांगितलं. आजी हसली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मोरी ओलांडताना माझ्याकडे बघून मान हलवू लागली.

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही चौघंजण चहाचे पेले घेऊन डब्यांच्या मधल्या खडीवर बसलो होतो. दुभाषी घरी न जाता थांबली होती.

"एक तारखेनंतर मी त्यांना काय सांगू?" तिने विचारलं.

धाकटीने आपला चहा तिच्या पेल्यात ओतला.

"तुमची वर्षाने बदली होते," ती म्हणाली. "मी तिथेच राहते."

रेडिओने पेला खाली ठेवला. "ताई, लिही ना उद्याच्या कागदावर. दोघं बंदूकवाले झाडीत दिसले."

"दिसले नाहीत."

"आपल्याला दिसले नाहीत. म्हणजे नव्हतेच असं थोडंच आहे?"

"रेडिओ, मी खोटं लिहिणार नाही."

"तुझं मौन नऊला सुटतं ना? साडेनऊला लिही. मौनात नाही धरणार कोणी."

धाकटीला हसू आलं. तेवढ्यात कचेरीच्या डब्याच्या पायरीवरून शिक्का बोलला. तो ऐकतोय हे आम्हाला कळलंच नव्हतं.

"लिहा आणि गंमत बघा. घटना आली की नियमाने रस्ता आठ दिवस बंद. नागरिकांना मनाई. मग चौकशी, मग आणखी आठ दिवस. गस्त वाचेल, पण सरपणाला जाणार कोण?"

"म्हणजे काही घडलं नाही तर गस्त बंद," रेडिओ म्हणाला, "आणि घडलं तर रस्ता बंद."

"नियम मी केलेले नाहीत."

"शिक्का तर तूच मारतोस."

शिक्का उठून आत गेला. जाताना त्याने दार हळूच लावलं. एरवी तो आपटतो. त्यालाही लागलं असावं. ते एकशे सत्तेचाळीस कागद त्यानेच तर स्वच्छ राखले होते.

मंगळवारी मोरीवर मी नामं घेतली, एकशे तीस. वहीत आकडा लिहिताना सहज मागची पानं उलटली. एका पानावर तिसरा महिना होता. सत्त्याण्णव, शंभर, अठ्ठ्याण्णव, आणि मग एकदम नऊ. खाली सहा, सात, अकरा. पुन्हा चढत चढत नव्वद.

ते चार दिवस मला नीट आठवत होते. पुढच्या गाडीचा आस मोडला होता आणि सुटा भाग यायला चार दिवस लागले. एका गाडीने गस्त घालायची परवानगी नाही, म्हणून गस्त झाली नव्हती. नेम मोडू नये म्हणून मी तळाच्या उत्तरेच्या फाटकाशी उभी राहून नामं घेतली होती, कारण जंगलाची वाट त्या फाटकासमोरूनच जाते. पाठीमागे पहारेकरी हसत होते. मी तेव्हा एवढंच मनात आणलं होतं, की आज नामं थोडी झाली.

आता त्या आकड्यांकडे बघून कळलं, नामं नव्हे, बायकाच थोड्या निघाल्या होत्या, कारण वाटेवर आम्ही नव्हतो. वही मिटून मी खिशात ठेवली आणि बायका परत येईपर्यंत काढली नाही.

वही दाखवावी की नाही, हा प्रश्न कोणाला छोटा वाटेल. मला वाटला नाही. नेम बोलून दाखवला की उरत नाही, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. पाच महिने मी ती वही उशीखाली ठेवत होते. शिवाय साहेबांपुढे जाऊन काय सांगायचं, की ड्यूटीवर उभी राहून मी माळ ओढते?

बुधवारी घरी फोन करायची आमची पाळी असते. लेकीने शाळेचं सांगितलं, यांनी गॅस संपल्याचं सांगितलं, मग फोन सासूबाईंकडे गेला. मी त्यांना सगळं सांगितलं. मिनिटं मोजकीच असतात, म्हणून भरभर सांगितलं.

"आई, नेम सांगू नये असं तुम्हीच म्हणता."

"म्हणते तर."

"मग?"

"मला आत्ता सांगितलासच की. आणि त्या लाल फडकेवालीलाही सांगून बसलीस."

"त्यांनी विचारलं होतं."

"मग हेही विचारतायत ना? पत्र पाठवून विचारतायत, कारण सांगा म्हणून." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "हे बघ, नामं तुझी. ती देवाकडे गेली, ती काही कोणी परत घेत नाही. आकडा त्या बायकांचा आहे. तो कशाला दाबून ठेवतेस?"

मी काही बोलायच्या आत वेळ संपली आणि फोन आपोआप तुटला.

गुरुवारी गस्त आटोपल्यावर मी आधी शिक्क्याकडे गेले. साहेबांकडे कागद त्याच्यामार्फतच जातो. वही त्याच्या टेबलावर ठेवली आणि तिसरा महिना उघडून दिला. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग कपाटातून आपला गठ्ठा काढला आणि तारखा लावून बघू लागला. चौदा निरंक. एकेचाळीस निरंक. अठ्ठ्याण्णव निरंक. चार दिवस, गस्त नाही: नऊ, सहा, सात, अकरा. गस्त सुरू: बावीस, साठ, नव्वद, निरंक, निरंक, निरंक.

"ताई," तो गठ्ठा बाजूला सारत म्हणाला, "हे तुम्ही पहिल्या आठवड्यात लिहायला निघाला होतात."

"हो."

"आणि मी परत आणून दिलं."

"तुमचंही बरोबर होतं. ती घटना नव्हती."

त्याने यंत्रावर कागद चढवला आणि दोन रकाने आखले. दीड तास तो टंकत होता. एकदाही शिक्क्याला हात लावला नाही. रेडिओ दारातून डोकावला, काय चाललंय ते विचारून गेला आणि अर्ध्या तासात सगळ्या तळाला कळलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, ताई. पाच महिने खिशात घेऊन फिरत होतीस."

मेजरसाहेबांनी मला संध्याकाळी बोलावलं. टेबलावर शिक्क्याचे कागद आणि माझी वही शेजारी शेजारी होती. साहेब धार्मिक माणूस नाहीत. ते रागावतील असं मला वाटत होतं.

"बाई, हे आकडे तुम्ही कसे घेतले?"

मी खिशातून माळ काढून दाखवली. जाताना पुढे, येताना मागे, हेही सांगितलं.

"लक्ष बोटाकडे असतं की रस्त्याकडे?"

"रस्त्याकडे, साहेब. बोटाला बघावं लागत नाही."

त्यांनी वही चाळली. "एकही दिवस चुकला नाही?"

"एक दिवस ताप होता. त्या दिवशीचा आकडा नाही. तिथे रेघ आहे."

ती रेघ बघितल्यावरच त्यांचा विश्वास बसला असावा. "मी हे पाठवतो," ते म्हणाले. "पण वरचे लोक विचारतील, की एका हवालदाराच्या जपमाळेवर गाड्या कशा ठेवायच्या. मी काय सांगू?"

"येऊन मोजा म्हणावं, साहेब."

हे मी कसं बोलून गेले कोण जाणे. साहेबांनी मात्र तेच वाक्य पत्रात घातलं, जरा दमदार करून.

मुख्यालयाने पाठवलेला निरीक्षक पुढच्या मंगळवारी आला. परक्या देशाचा अधिकारी, उंच, उन्हाने नाक सोललेलं. एक तारखेला चार दिवस होते. त्याच्या हातात बोटाने दाबायचं छोटं मोजणीयंत्र होतं. दाबलं की टक् वाजायचं आणि आकडा एकने वाढायचा. मोरीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. रेडिओला साहेबांनी बजावलं होतं, की पाहुण्यांसमोर तोंड बंद. तो स्टिअरिंग धरून बसला होता, पोटात दुखत असल्यासारखा.

बायका आल्या. लाल फडकेवाली पुढे. परका माणूस बघून ती थबकली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती चालू लागली, मागून बाकीच्या. टक्, टक्. मध्येच दोघीजणी एकमेकींना धरून, अंग चोरून मोरीवरून गेल्या. दोन मणी. शेवटच्या बाईनंतर मी गाठ मारली. एक फेरा पुरा आणि वर चोवीस. निरीक्षकाने यंत्र माझ्यापुढे धरलं. एकशे एकतीस.

त्याने माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी वहीत एकशे बत्तीस लिहून ती त्याला दाखवली. तो भला माणूस होता. हसून म्हणाला, "एकाचा फरक चालतो. फारच चांगली मोजणी आहे."

त्या दोघींवर त्याचं बोट एकदाच पडलं होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मौन होतं आणि ते कामाचं बोलणं आहे की फुशारकी, हे मला ठरवता येईना.

नऊला त्या परतू लागल्या. डोक्यावर मोळ्या, त्यामुळे मान ताठ आणि पावलं जड. मणी मागे मागे येत गेले. टक्, टक्. सव्वानऊला रस्ता मोकळा झाला. जंगलाच्या कडेची गाडीही हळूहळू मागून आली, सगळं आटोपल्याची खूण म्हणून दिवा उघडझाप करत. निरीक्षकाने यंत्र बघितलं, माझ्यापुढे केलं. एकशे एकतीस. सकाळी एकशे एकतीस, आता एकशे एकतीस.

"सगळ्या आल्या," तो म्हणाला आणि गाडीकडे वळला. "चला."

माझं बोट मेरुमण्याला टेकलेलं नव्हतं. मध्ये एक मणी होता.

त्याला त्या दिवशी दहाचं विमान गाठायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या एका शेऱ्यावर गस्त राहायची की जायची हेही माहीत होतं. मी परत एकदा बोट फिरवून बघितलं. एक मणी.

"साहेब," मी म्हटलं, "एक राहिली आहे."

माझा आवाज मुळात लहान. त्याने ऐकलं नाही असं मला वाटलं. पण तो थांबला, वळला आणि यंत्र वर धरून दाखवलं.

"यंत्रात सकाळीच एक कमी आली. दोघी जोडीने गेल्या तेव्हा," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "एक अजून आत आहे."

"पुढची गाडी तर सगळं बघून आली."

"हो, साहेब. तरी एक आहे."

तो घड्याळ बघत होता. गाडीचं इंजिन चालू होतं. रेडिओने किल्ली फिरवून ते बंद केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग खिडकीतून हात बाहेर काढून तो गप्प बसला. त्याला इतका वेळ गप्प मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

निरीक्षकाने वायरलेसवरून पुढच्या गाडीला मागे फिरवलं. आम्ही थांबलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ऊन चढलं, जाकिटाच्या आत घाम उतरू लागला. माझ्या मनात आलं, आपलंच चुकलं असेल तर? एखादा मणी सकाळी दोनदा सरकला असेल तर? पाच महिन्यांत असं मनात आलं नव्हतं. नेम सांगितल्यावर हेच होतं की काय, असंही वाटलं. पण मी माळ हातातून सोडली नाही.

बाविसाव्या मिनिटाला वायरलेस वाजला. आमची माणसं ओढ्याच्या बाजूने एका बाईला घेऊन येत होती. पायात काटा मोडला, बसून काढत राहिली, मग वाट चुकली. मोळी सोडायला तयार नाही, म्हणून मोळी एकाच्या खांद्यावर.

ती मोरीवर आली तेव्हा दुभाषीशी बोलतच होती. लंगडत, हातवारे करत. अधू पाय, सैल जीभ. दुभाषी म्हणाली, "सासू चिडेल म्हणते. मोळी लहान झाली म्हणून."

मी नाम घेतलं. बोट मेरुमण्याला टेकलं.

निरीक्षकाने यंत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि एकदा दाबलं. टक्. मग गाडीत जाऊन बसला. रेडिओने किल्ली फिरवली आणि म्हणाला, "ताई, आजच्याइतकं तू पाच महिन्यांत बोलली नाहीस." तिथून तळापर्यंत त्याचं तोंड बंद झालं नाही. त्या बाईने पाहुण्याचं विमान कसं चुकवलं ते त्याने पाहुण्यालाच दोनदा सांगितलं, आपल्या भाषेत.

शुक्रवारी पत्र आलं. गस्त चालू राहील, तीन महिन्यांनी फेरविचार होईल. धान्याच्या ताफ्याला माणसं दुसऱ्या तुकडीकडून द्यावीत. सोबत नवा छापील कागद. शिक्क्याने फळ्यावर लावला, टाचण्या चारच, शिक्का एकच. चौकोनाच्या वर दोन नवे रकाने होते, ‘गेल्या’ आणि ‘आल्या’.

"आता हेही तीन ठिकाणी चढवायचं," तो म्हणाला. पण चौथी प्रत त्याने स्वतःसाठी काढली होती, मी बघितली.

पहिले दोन दिवस मी नव्या कागदासाठी मोजत राहिले आणि माझी नामं बिघडली. तोंडात देवाचं नाव आणि डोक्यात रकाना. तिसऱ्या दिवशी निरीक्षक मागे ठेवून गेलेलं यंत्र मी धाकटीच्या हातात दिलं. आता ती मोजते, मी माळ ओढते. जोडीने कोणी आलं तर मी तिला कोपराने खुणावते. शेवटी ती यंत्र पुढे करते आणि मी मेरुमणी दाखवते. जुळलं की निघायचं.

तळावर आलं की कागद तीच भरते. आजचा मी सहीसाठी हातात घेतला तेव्हा शाई ओलीच होती. गेल्या एकशे छत्तीस. आल्या एकशे छत्तीस. घटना, निरंक.